परबभावोजींचा ब्लोडाऊन

वाशीत राहायला येऊन आम्हाला जेमतेम तीन दिवस झाले होते. निम्मे खोके अजून दोऱ्या बांधलेल्या अवस्थेतच होते. सकाळचे साडेसहा वाजले होते, नळाला पाणी आलं होतं, मी पिंप भरत होते आणि बाहेरच्या गॅलरीतून एकदम खणखणीत आवाज आला, "ब्लोडाऊन ओके!"

त्यावर खालच्या मजल्यावरून कुणीतरी "वा!" म्हणालं. वरून एका बाईंनी "अभिनंदन हो परब!" अशी हाळी दिली. माझे सासरे हातातली पूजा टाकून बाहेर धावले. त्यांना वाटलं, तुर्भ्याकडच्या एखाद्या कारखान्यात काहीतरी फुटलं. शेजारच्या दारात गंजीफ्रॉक आणि पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा घातलेले, खांद्यावर टॉवेल टाकलेले एक गृहस्थ उभे होते. मुलगा बोर्डात आल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला होता.

"काय झालं हो?" सासऱ्यांनी विचारलं.

"पोट साफ झालं!" ते म्हणाले. "दोन दिवसांनी! मी परब. या ना, चहा घ्या. मी घेणार नाही, माझं पाणी मोजून असतं. पण तुम्ही घ्या."

मी दाराआड उभी राहून हे ऐकलं आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. आमच्या दादरच्या घरात या विषयाला नावच नव्हतं. "जाऊन आलास का?" एवढं आई विचारायची, तेही भिंतीकडे बघत. आणि इथे एक धडधाकट माणूस तीन मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करतो, आणि तीन मजले त्याचं अभिनंदन करतात! ही कसली वस्ती, असं मी त्या दिवशी नवऱ्याला विचारलं. पण खोटं कशाला बोलू, सहा महिन्यांत मीच सकाळी दार उघडून "काय भावोजी, आज काय बातमी?" असं ओरडायला लागले होते. परबभावोजींच्या शेजारी राहून लाजत बसणं कुणालाच जमलं नसतं.

वसंत परब मूळचे कुडाळकडचे. तुर्भ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. त्या पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या घरात जमिनीवर मांडी घालून, आमचाच तांब्या पुढ्यात ठेवून सासऱ्यांना बॉयलर समजावून सांगितला. पाणी उकळतं, वाफ निघून जाते, पण पाण्यातला गाळ तळाशी बसतो. पाळीतून एकदा खालचा व्हॉल्व्ह उघडून तो गाळ धाडकन बाहेर काढायचा, त्याला म्हणायचं ब्लोडाऊन. "नाही काढला, तर केवढाही भारी बॉयलर असू दे, एक दिवस बसणार," असं सांगून त्यांनी तांब्यावर टिचकी मारली आणि मग सगळ्यात मोठी गोष्ट अगदी सहज सांगितली. "कंपनीने दिलेले दोन्ही बॉयलर माझ्याकडे ठणठणीत आहेत. देवाने दिलेले दोन तेवढे बिघडलेत. किडन्या हो. दोन्ही."

सासरे गप्प झाले. मीही स्वयंपाकघरात हात थांबवून उभी राहिले. अडतीस-एकोणचाळीसचं वय असेल त्यांचं. पण त्यांना कुणी गप्प झालेलं आवडत नसे. ते लगेच पुढे सांगत सुटले, जणू सर्कशीचा खेळ बघून आले आहेत.

झालं होतं ते असं. कुणाची किडनी त्यांना चालेल याची तपासणी झाली, तेव्हा धाकट्या बहिणीचं, कुंदाचं, जुळलं. ती तर एका पायावर तयार होती. पण त्याच तपासणीत कुंदाला दिवस गेल्याचं कळलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. भावोजी म्हणे खुर्चीतून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, एका दिवसात दोन चांगल्या बातम्या! तुमचं तोंड असं का?"

"अहो परब," डॉक्टर म्हणाले, "आता बाळ व्हायला हवं, ते अंगावरून सुटायला हवं, बहिणीची तब्येत भरून यायला हवी. दोन वर्षं धरा. तेवढी तुमची किडनी चालायला हवी. नाहीतर रक्त धुवायच्या मशीनवर जावं लागेल. आठवड्यातून दोनदा खाडीचा पूल ओलांडून इथे मुंबईत यायचं आणि दिवसभर पडून राहायचं. त्यात नोकरी टिकत नाही, आणि माणूसही टिकेलच असं सांगता येत नाही."

त्या दिवसापासून भावोजींना एकच ध्यास होता. मशीनवर न जाता दोन वर्षं काढायची. आणि त्या दोन वर्षांतलं निम्मं युद्ध पोटावर लढायचं होतं, कारण डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "किडनीला जे टाकता येत नाही, त्यातलं थोडंफार तरी आतडं बाहेर टाकतं. ते तुंबू देऊ नका." बोलायला सोपं! त्यांना पाणी मोजून. फळं जवळजवळ बंद. आणि ज्या गोळ्या त्यांना सांभाळत होत्या, त्यांतल्या दोन तर पोट अगदी दगडासारखं करायच्या. सगळ्या बाजूंनी कोंडी. दुसरा कुणी असता तर रडकुंडीला आला असता. भावोजींना मात्र चेव चढला होता.

आता आमच्या बिल्डिंगमध्ये पोटावरचा उपाय माहीत नसलेला एकही माणूस नव्हता. गिरगाव, दादर, कोकण, देश, सगळीकडून आलेली मंडळी, आणि प्रत्येकाची आजी वेगळं काहीतरी सांगून गेलेली. एकाने केळी आणली, एकाने भिजवलेल्या मनुका, एकाने अंजीर. सासऱ्यांनी सैंधव घातलेलं चूर्ण दिलं. मी स्वतः इसबगोलाचा डबा नेऊन दिला, वर "हे दोन ग्लास पाण्यातून घ्या" असंही ठणकावून सांगितलं. सारसोळ्याहून मासळी घेऊन येणारी जनाबाई तर टोपलीत शहाळंच घेऊन आली.

"दादा, ह्या नारलाचा पानी पी," ती म्हणाली. "पोट कसा मोकला व्हईल बघ. माझे म्हाताऱ्याला दिला तं दुसरे दिशी पलत गेला."

भावोजी कुणालाही नाही म्हणाले नाहीत. सगळा ऐवज त्यांनी कंपनीच्या कॅनव्हासच्या पिशवीत भरला आणि शनिवारी माझ्या नवऱ्याला सोबत घेऊन थेट डॉक्टरांकडे गेले. पिशवी टेबलावर उपडी केली आणि म्हणाले, "ही माझ्या बिल्डिंगची माया. यातलं काय चालेल ते तेवढं सांगा."

डॉक्टरांनी एकेक वस्तू उचलली आणि एकेक बाजूला ठेवली. केळी नाही, शहाळं तर मुळीच नाही, मनुका-अंजीर नाहीत, या सगळ्यांत पोटॅशियम, ते किडनीला बाहेर टाकता येत नाही आणि रक्तात वाढलं की हृदयच थांबू शकतं. चूर्णात मीठ, तेही नाही. औषधाच्या दुकानातून कुणी आणलेली जुलाबाच्या दुधासारख्या पांढऱ्या औषधाची बाटली तर, त्यातलं मॅग्नेशियमही अंगात साठतं म्हणून, त्यांनी स्वतःच्या खणात टाकली. इसबगोलाचा डबा हातात घेऊन त्यांनी विचारलं, "हे कुणी दिलं? दोन ग्लास पाणी? तुम्हाला दिवसाचं पाणी किती, माहीत आहे ना?" माझा नवरा खिडकीबाहेर बघत राहिला.

शेवटी टेबलावर उरलं काय? डॉक्टरांनी लिहून दिलेलं एक गोड औषध, पपईची एक फोड, दोनदा उकळलेल्या भाज्या, रोजचं चालणं आणि वेळ पाळणं. तेवढंच. भावोजी परत आले ते लढाई जिंकल्यासारखे. प्रत्येकाची वस्तू ज्याची त्याला परत. "तुमचे अंजीर अव्वल आहेत हो. माझ्या नशिबात नाहीत, तुम्ही खा आणि माझ्या नावाने जाऊन या!" असं प्रत्येकाच्या दारात उभं राहून सांगितलं. मला इसबगोलाचा डबा देताना म्हणाले, "वहिनी, हा तुमच्या सासऱ्यांना सुरू करा. त्यांचा चेहरा मी रोज सकाळी बघतो." मी हसून हसून दाराला टेकले. आणि त्यांचं बरोबर होतं, हेही सांगून टाकते.

त्यांची सकाळ घड्याळ लावावं अशी असे. रात्रपाळी त्यांनी बदलून घेतली होती. सुमन, त्यांची बायको, काचेच्या बाटलीवर लाल दोऱ्यांच्या खुणा बांधून दिवसाचं पाणी भरून ठेवायची. त्यातलं पहिल्या दोऱ्यापर्यंतचं पाणी कोमट करून सहाला प्यायचं. मग गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा फेऱ्या मारायच्या. सहा वीसला आत. सहा वीस म्हणजे सहा वीस. दारात पाहुणा उभा असला तरी "बसा, माझी गाडी आहे" असं म्हणून जायचे. आत पेपर न्यायचा नाही हा त्यांचा कडक नियम. "पेपर घेऊन बसलं की आतडंही बातम्या वाचत बसतं," असं म्हणायचे. बातमी नसली तर बाहेर येऊन नुसती मान हलवायचे आणि अख्खी गॅलरी हळहळायची. पण चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नाहीत. "पोटाशी भांडायचं नाही. त्याला बोलावत राहायचं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

हळूहळू जिन्याखाली त्यांचा दरबारच भरू लागला. नव्या वसाहतीत आलेल्या आम्हा सगळ्यांचीच पोटं बिघडलेली. पुलावरून दोन-दोन तास बसने जाऊन-येऊन जेवणाच्या वेळांचा पत्ता नसायचा. गॅसेस, जळजळ, कोंडी, काय काय घेऊन लोक येत. भावोजी आधी विचारत, "तुमच्या किडन्या चांगल्या आहेत ना? मग पाणी प्या की राव! आमच्या वाटणीचंही प्या!" पाणी प्या हे ते इतक्या हपापल्या सुरात सांगत, की माणूस घरी जाऊन खरंच तांब्याभर पाणी प्यायचा. मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं, की तहान म्हणजे काय ते या माणसाला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. उन्हाळ्यात बॉयलरपाशी आठ तास उभं राहून घरी आले, की ते आधी दोऱ्याची बाटली उजेडात धरून बघत आणि मग एक लवंग तोंडात टाकून बसत.

पावसाळा संपता संपता कुडाळहून तार आली. कुंदाला मुलगा झाला! भावोजींनी तार हातात घेऊन तिन्ही मजले पालथे घातले. पेढे वाटले, स्वतः एकही खाल्ला नाही. "आता तो दूध पिणार, मी दिवस मोजणार. बघू कोण जिंकतो ते," असं सगळ्यांना सांगत सुटले. कुंदाची पत्रं यायची, तीही जिन्याखाली मोठ्याने वाचली जायची. बाळू पालथा पडला. बाळूला पहिला दात आला. "दात आला, म्हणजे आता चावणार, म्हणजे कुंदा लवकर सोडवणार!" असा त्यावर भावोजींचा हिशेब. एकदा कुंदाने लिहिलं, की मी लवकरच तोडते दूध, तू थांबू नकोस. त्या दिवशी त्यांनी लगेच उत्तर लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मालवणीत मोठ्याने बोलत होते, "गो, माका काय एक होणा नाय. झिलाक दूध पाज. माझी घाई करू नको." आणि कार्ड टाकायला स्वतः पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत गेले.

आता माझ्या हातून काय झालं ते सांगते.

बाळूचं उष्टावण ठरलं. पहिला घास मामाने भरवायचा असतो. पण उन्हाळ्याचे दिवस, पनवेलहून कुडाळपर्यंत रात्रभराची एसटी आणि यांचं पाणी मोजून. डॉक्टर नाही म्हणाले. भावोजींनी सुमनला हट्टाने पाठवलं. "माझा हात म्हणून तू भरव," म्हणाले. ती नऊ दिवस जाणार होती. त्यांच्या जेवणाचं मी अंगावर घेतलं. अंगावर घेतलं कसलं, जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

सुमनने मला सगळं दाखवलं. भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात भिजवायची, उकळायची, ते पाणी फेकायचं. पुन्हा उकळायची, पुन्हा पाणी फेकायचं. मग चिमूट मिठावर परतायची. मी अगदी तस्संच केलं. फक्त ते पाणी माझ्याच्याने फेकवेना. पुरणाच्या डाळीवरचं पाणी काढून त्याची कटाची आमटी करणारी माणसं आम्ही. भाजी उकडलेलं पाणी मोरीत ओतलं, तर माझी आई दिवसभर बोलत नसे. सगळा कस त्यात असतो, हेच शिकून मी मोठी झाले. यांना पाणी कमी प्यायचं आहे, म्हणून सुमन ते काढून टाकते, असा मी माझ्या शहाणपणाने अर्थ लावला. आणि उकडलेला तो चोथा खाणाऱ्या माणसाची मला इतकी दया आली, की मी त्या पाण्याला तुपाची फोडणी दिली, जिरं घातलं, एक आमसूल टाकलं आणि वाटीभर सार करून त्यांच्या ताटात ठेवलं. वाटीभर पाणी जास्त होऊ नये म्हणून दोऱ्याच्या बाटलीतलं तेवढंच कमीही केलं. इतकी मी काटेकोर!

भावोजींनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. "वहिनी," ते म्हणाले, "वर्षभरात पहिल्यांदा माझ्या जिभेला कुणीतरी ओळख दिली."

मग काय, मी रोज सार करू लागले.

पाचव्या दिवशी सकाळी बातमी नव्हती. सहाव्या दिवशीही नाही. सातव्या दिवशी त्यांनी फेऱ्या अर्ध्यात सोडल्या आणि जिन्याच्या पायरीवर बसले. "पाय उचलत नाहीत, वहिनी. शिसं भरल्यासारखे झालेत," म्हणाले. माझ्या नवऱ्याने मनगट धरलं आणि त्याचा चेहरा उतरला. नाडी मिनिटाला चाळीससुद्धा लागत नव्हती. कंपनीची जीप मागवली. मीही बसले. पुलावरून जाताना भावोजी एकदाच बोलले, "मशीन नको हं. अजून पोर चालायला लागलं नाही."

दवाखान्यात छातीला तारा लावून कागद काढला. डॉक्टर कागद बघतच म्हणाले, "पोटॅशियम भलतंच वाढलंय. काय खाल्लं? घरी भाज्या नीट उकळतात ना? पाणी फेकतात ना? अहो, सगळं पोटॅशियम त्या पाण्यातच उतरतं, म्हणून तर फेकायचं!"

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मला कळलं, की त्यांनाही आत्ताच कळलं. मी तोंड उघडलं.

"केळी खाल्ली, डॉक्टर," भावोजी म्हणाले. आवाज खोल गेलेला, पण पक्का. "तीन. हातगाडीवरची. बायको घरात नव्हती, मोह झाला."

डॉक्टरांनी त्यांना जे झाडलं, ते मला अजून ऐकू येतं. शिकलेला माणूस असून अक्कल नाही, बहीण तिकडे जीव टांगून बसली आहे, लाज वाटत नाही का! आणि ते माझ्या वाटणीचं सगळं ऐकत खाली बघून पडले होते. मग सुया झाल्या, ग्लुकोज झालं, एनिमा झाला. मशीन अगदी शेजारच्या खोलीत तयार ठेवलं होतं. पण दुपारपर्यंत नाडी सुधारली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वॉर्डातल्या वीस खाटांनी आयुष्यात पहिल्यांदा "ब्लोडाऊन ओके!" ऐकलं. नर्सबाई धावत आल्या. मी बाहेर बाकावर बसून रडत होते, ती रडता रडता हसायला लागले.

भेटायची वेळ झाल्यावर मी त्यांच्या खाटेपाशी गेले. "भावोजी, मी सुमनला सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"खरं ते."

"गप बसा, वहिनी," ते म्हणाले. "तिला कळलं तर ती मला सोडून पुन्हा कुठे जायची नाही, देवळातसुद्धा नाही. आणि तुमचं दार बंद करेल. एवढ्या बिल्डिंगमध्ये मोकळं बोलायला तिला तेच एक दार आहे. मला केळ्यांवरून शिव्या खायला काही होत नाही."

मी गप्प बसले. भित्री होते, म्हणून बसले. सुमन परत आली आणि पुढे नऊ महिने त्या घरात कुठल्याही भांडणाचा शेवट केळ्यांवर होई. डाळ जास्त मागितली, केळी. उशिरा घरी आले, केळी. रस्त्यावर केळेवाल्याची आरोळी आली, की सुमन खिडकी लावून घेई. भावोजी छताकडे बघत बसत.

आणि माझं काय झालं म्हणाल, तर माझा हातच आखडला. मी कुणाला काही खायला देईनाशी झाले. दारात आलेल्याला आधी विचारी, तुम्हाला पथ्य काय? साखर चालते? मीठ चालतं? डॉक्टरांनी काय सांगितलंय? त्या संक्रांतीला मी हळदीकुंकवात तिळगूळ दिलाच नाही, सगळ्या बायकांना रुमाल वाटले. बायका म्हणाल्या, काय बाई टापटीप! घरात सासऱ्यांना वाढतानाही मी दोन-दोनदा विचारू लागले. ते वैतागून म्हणायचे, "अगं, वाढ ना, मी मरत नाही!"

भावोजींचं पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. ऑपरेशन झालं. कुंदाची किडनी लागली आणि चालली. जंतूंचा धोका आणि सारख्या तपासण्या म्हणून डॉक्टरांनी त्यांना दवाखान्याजवळ राहायला लावलं, सुमननेच येऊन घर आवरलं आणि नंतर ते गावीच गेले. आमच्याकडे पत्रं येत राहिली. पहिल्या पत्रात फक्त एवढंच होतं, "वहिनी, डॉक्टर म्हणतात रोज तीन लिटर पाणी प्या. तीन लिटर! मी रडलो." मी ते पत्र जिन्याखाली मोठ्याने वाचून दाखवलं. त्यानंतर त्यांची माझी भेट झाली नाही. म्हणून माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते ऑपरेशनसाठी निघाले त्या सकाळचे परबभावोजी.

बाळू सव्वा वर्षाचा झाला होता. अंगावरून सुटला होता, गॅलरीभर धावत होता. कुंदा त्याला घेऊन पंधरा दिवस आधी आली होती. दोन वर्षं झाली होती आणि भावोजी मशीनवर गेले नव्हते. डॉक्टरांनासुद्धा एवढी खात्री नव्हती! जीप खाली उभी, अख्खी बिल्डिंग गॅलरीत. बाळूला सांभाळायला कुंदाच्या सासूबाई यायच्या होत्या, पण आदल्याच दिवशी त्यांचा पाय मोडल्याची तार आली होती. कुंदाचा नवरा आणि सुमन दवाखान्यात राहणार. पोर कुणाकडे ठेवायचं?

"वहिनींकडे," भावोजी म्हणाले. विचार करायला क्षणभरही थांबले नाहीत.

"नको," मी म्हणाले. माझा आवाज इतका मोठा निघाला, की सगळे वळून बघायला लागले. "माझ्याकडे नको. दुसऱ्या कुणाकडेही ठेवा." आणि मग इतके दिवस दाबलेलं सगळं बाहेर पडलं. "सुमन, यांनी केळी खाल्ली नव्हती. मी त्या भाजीच्या पाण्याचं सार करून घालत होते. रोज. माझ्या हाताने मी यांना मारलं असतं."

सुमन नवऱ्याकडे वळली. "नऊ महिने मी तुम्हाला बोलतेय," ती म्हणाली. "आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"म्हटलं, केळी खायला मिळत नाहीत, निदान नाव तरी कानावर पडू दे."

कुणी हसलं नाही. त्यांनीही मग थट्टा सोडली. "हे बघ, सुमन. हे काय मला आज कळतंय? म्हणूनच तर वहिनींचं नाव घेतलं. कुणाच्या तोंडात काही घालायच्या आधी इतकं विचारणारी बाई या बिल्डिंगमध्ये दुसरी आहे का, सांग. माझ्या बहिणीचं पोर आहे ते. मी असंच नाही ठेवणार कुणाकडे."

सुमनचे डोळे भरले होते, रागाने की कशाने, मला आजही सांगता येणार नाही. तिने कुंदाच्या कडेवरून बाळूला घेतलं आणि माझ्या कडेवर दिलं. "मऊ भात लागतो त्याला," ती म्हणाली. "वर साधं वरण. मिठाचं तुझं तू बघ."

ती खाली उतरली. कुंदा पोराचा पापा घेऊन मागे न बघता गेली. बाळूने आईला जाताना पाहिलं आणि भोकाड पसरलं. मी त्याला घेऊन जीपपर्यंत गेले. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, तेव्हा पुढच्या सीटवरून भावोजींनी त्याच्या हातावर हात ठेवला. "थांब रे. त्याचा एक घास बघतो, मग जाऊ."

"अहो, डॉक्टर वाट बघतायत," सुमन मागून म्हणाली.

"बघू देत."

माझ्या नवऱ्याने वर पळत जाऊन सासऱ्यांसाठी केलेला मऊ भात वाटीत आणला. तो अजून गरम होता. मी बोटांनी कालवला, फुंकला, ओठांना लावून बघितला. निम्मा घास माझ्याच पदरावर सांडला. बाळू रडत होता. भावोजी जीपमधून बाहेर वाकून, तोंडाचा आ करून त्याला दाखवत होते, आ, आ, असं. दोन वर्षांत इतके सुकले होते, की शर्टाच्या कॉलरमध्ये मान दिसत नव्हती, पण चेहरा पहिल्या दिवशी पाहिला होता तसाच लखलखीत. बाळूने त्यांच्याकडे बघून तोंड उघडलं. मी घास घातला. त्याने तो घोळवला, गिळला आणि आणखीसाठी पुन्हा तोंड उघडलं.

"चल आता," भावोजी ड्रायव्हरला म्हणाले.